मागचे चार बोल्ट

पारोळ्याच्या झुलाल मिस्तरीचा धंद्यातला कायदा एकच होता. यंत्र हललं की बोल्ट आवळायचा. पुन्हा हललं की पुन्हा आवळायचा, आणि तरीही हललं तर खाली सिमेंटचा ओटा घालून त्यात त्याचे पाय गाडून टाकायचे. विहिरीवरच्या मोटरी त्याने तीस वर्षं अशाच बसवल्या होत्या. त्याने बसवलेली मोटर जागची सरकली असं तालुक्यात कुणी म्हणू शकत नव्हतं, आणि कुणी म्हणालंच असतं तर झुलालने त्याच्या घरचं पाणी पिणं सोडलं असतं. माणूस कामाचा पक्का होता. पण आपल्याला येतं तेवढंच जगात आहे, अशी एकदा समजूत झाली की पक्का माणूस जेवढं नुकसान करतो, तेवढं कच्च्या माणसाला उभ्या जन्मात जमत नाही.

ब्याण्णव साली त्याने आपली एकुलती एक मुलगी प्रमिला जळगावला दिली. सासर मेहरूणमध्ये, तलावाच्या अलीकडे. जावई सुकदेव एका पतपेढीत कारकून होता, आणि घरात त्याची आई मंजुळाबाई, जिला विचारल्याशिवाय त्या घरात चहासुद्धा उकळत नसे. आंदणात लोक पलंग देतात, कपाट देतात. झुलालने धुळ्याच्या एका दुकानातून कपडे धुण्याचं मशीन आणलं, आणि तेही साधं वरून उघडायचं नव्हे, तर पुढून गोल काचेचं दार असलेलं. लग्नात ते रुखवताशेजारी मांडलं तेव्हा वऱ्हाडातल्या बायका पुरणपोळ्या सोडून त्या काचेत डोकावत होत्या. दुकानदाराने बजावलं होतं की आमचा माणूस आठ दिवसांत जळगावला येऊन बसवून देईल, तोवर चालू करू नका. झुलाल हसला होता. "माझ्या लेकीच्या घरी मशीन बसवायला तुमचा माणूस कशाला?" असं त्याने भर दुकानात विचारलं होतं.

मशीन त्याने स्वतः बसवलं. नळ जोडला, वायर जोडली, अंगाई म्हणावी तसं हळूच बटण दाबलं. कपडे घुसळून झाले तोवर सगळं ठीक होतं. पिळायची वेळ आली तसं मशीन थडथडायला लागलं, उड्या मारायला लागलं आणि न्हाणीघरातून निघून पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं. शेजारच्या बायका हसत सुटल्या. झुलालने मागे जाऊन पाहिलं, तर पाठीच्या पत्र्यातून चार लांबलचक बोल्ट आत गेलेले होते आणि त्यातले दोन सैल झालेले होते. त्याला दुखणं सापडलं. त्याने सगळी ताकद लावून चारही बोल्ट आवळले, आणि दुसऱ्या दिवशी सिमेंट कालवायला घेतलं.

ते बोल्ट आवळायचे नव्हतेच. कारखान्यातून ट्रकने येताना आतलं पिंप हेलकावून मोडू नये म्हणून ते अडकवलेले असतात. घरी आलं की ते काढून टाकायचे, म्हणजे पिंप स्प्रिंगांवर मोकळं लटकतं आणि कितीही जोरात फिरलं तरी त्याचा धक्का बाहेर येत नाही. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात हे चित्रासकट छापलेलं होतं. प्रमिला बारावी शिकलेली. तिने ते वाचलं आणि झुलाल ओट्यावर थापी फिरवत असताना ती पुस्तक घेऊन आली.

"आबा, आठे चित्र शे देखा. मांगला बोल्ट काढना पडतस, मंगच मशीन चालू करानं."

झुलालने वर पाहिलं. दारात विहीणबाई उभी, बाजूला जावई, आणि तमाशा बघायला थांबलेल्या दोन शेजारणी. नेमक्या त्या क्षणी पोरीने बापाला पुस्तक दाखवावं, हे त्याला झोंबलं.

"बापले शिकाडस का वं? तुनं पुस्तक लिखनारानी कधी विहीरवर मोटर बसाडी का?"

सगळे हसले. मंजुळाबाई सगळ्यांत जास्त हसली. प्रमिलाने पुस्तक मिटलं आणि ती आत गेली, आणि त्यानंतर त्या पुस्तकाचं नाव तिने कुणाजवळ काढलं नाही. काढलं असतं तर तिचा मिस्तरी बाप सासरच्या माणसांत कायमचा अडाणी ठरला असता.

मग चार वर्षं ते मशीन मेहरूणच्या त्या घरात गिरणीसारखं घरघरत राहिलं. पाय सिमेंटमध्ये गाडलेले, पिंप बोल्टांनी जखडलेलं. हलायला कुठे वावच नव्हता, म्हणून सगळा मार आतल्या बेरिंगांवर. दोन वर्षांत बेरिंगं गेली. झुलाल आला, मागचे बोल्ट काढून पत्रा उघडला, नवी बेरिंगं ठोकली, पत्रा लावला आणि बोल्ट होते तसे परत आवळले. हातात घेतलेली चूक त्याने मोजून चार ठिकाणी पुन्हा जागच्या जागी बसवली आणि चहा पिऊन पारोळ्याची गाडी धरली. पुढच्या दोन वर्षांत बेरिंगं पुन्हा गेली, पाणी अडवणारं रबरी सील फाटलं, तांबडं पाणी जमिनीवर यायला लागलं, आणि एक दिवस मशीन बंदच पडलं.

मंजुळाबाईला तर बोलायला निमित्तच मिळालं. "बापाने लेकीच्या गळ्यात भंगार बांधून पाठवलं," हे वाक्य ती सकाळच्या चहाला म्हणायची आणि संध्याकाळच्या दिव्यालाही म्हणायची. पाहुणा आला की त्याला न्हाणीघरात नेऊन ते मशीन दाखवायची. आणि आखाजी जवळ आली की तिचं ठरलेलं उत्तर तयार असायचं.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. खानदेशात त्या दिवसांत सासुरवाशीण माहेरी गेली नाही असं होत नाही. निंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, पोरी गाणी म्हणतात, आणि वर्षभर सासूचं तोंड बघून गप्प राहिलेली बाई आठ दिवस मोठ्याने हसून घेते. तिला आणायला माहेरचा मुराळी जातो, बहुतेक भाऊच. प्रमिलाला भाऊ नव्हता म्हणून झुलालच मुराळी होऊन जायचा. पहिल्या वर्षी तिला पाठवलं. नंतरची तीन वर्षं मंजुळाबाईने त्याला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं. "तुमच्या मशीनला धड धुणं होत नाही, व्याहीबुवा. ही गेली तर धुणं कोण धुणार? आधी मशीन नीट करा, मग लेक न्या."

शहाण्णव सालच्या आखाजीला झुलालची बायको यशोदाबाई हट्टाला पेटली. तिने दारच्या निंबाला आठ दिवस आधीच झोका बांधून घेतला आणि नवऱ्याला सांगितलं, यंदा पोरीला आणल्याशिवाय घरात पाय ठेवू नका. यशोदाबाईचे गुडघे गेले होते, तिला एसटीत चढता येत नव्हतं. तीन वर्षांत तिने लेकीला एकदाच पाहिलं होतं, तेही नात्यातल्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीतून.

झुलाल सकाळच्या पहिल्या गाडीने जळगावला उतरला आणि आधी नासीरच्या दुकानात गेला. नासीर बेरिंगांचा व्यापारी. मशीनचं पाण्याचं सील इथे मिळत नव्हतं, ते त्याने दीड महिना खटपट करून मुंबईहून मागवलं होतं. सील, बेरिंगांची जोडी आणि नवा पट्टा त्याने कागदात बांधून दिला, आणि देताना डोकं खाजवलं.

"मिस्तरी, एक बोलू? ही बेरिंग दहा-दहा साल चालते. तुमच्या मशीनने चार सालमध्ये दोनदा खाल्ली. आत काहीतरी अडतंय."

"माल बनावट होता," झुलाल म्हणाला.

नासीरला ते लागलं, पण तो जुना माणूस, त्याने गिऱ्हाइकाशी वाद घातला नाही. "असेल. पण या वेळी सील बसवलं की पत्रा लगेच बंद करू नका. मागून उघडं ठेवून एकदा पाण्यावर चालवा. थेंब गळत असला तर तिथेच दिसेल, पुन्हा खोलायला नको."

हा सल्ला झुलालला पटला, कारण विहिरीवर तोही तसंच करायचा.

मेहरूणला पोचला तेव्हा प्रमिला मागच्या अंगणात दगडावर गोधडी धूत होती. मशीन चालू होतं तेव्हाही गोधड्या, सतरंज्या, सुकदेवच्या जाड पँटी ती हातानेच धुवायची. मशीनला कमी त्रास व्हावा, ते कमी ओरडावं आणि आपल्या बापाचं नाव दिवसातून दोनदा कमी निघावं, म्हणून. तिच्या बोटांची पेरं सोड्याने पांढरी पडून चिरली होती. झुलालने ती पाहिली. त्याला वाईट वाटलं, अगदी पोटातून वाटलं. पण वाईट वाटणं आणि त्या वाईटाचा धनी होणं यात फार अंतर असतं.

"आबा, बठ्ठं भेटनं का?" तिने हात पुसत सगळ्या सामानाचं विचारलं.

"बठ्ठं भेटनं. आज तुले लिसनच जासू. तुनी माय झोका बांधीसन बशेल शे."

प्रमिला हसली. चार वर्षांत त्याने तिला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

कामाला सुरुवात झाली. मंजुळाबाई न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसली, जणू चोरावर पहारा. सुकदेव कामावर गेला होता. झुलालने छिन्नीने पायाभोवतीचं सिमेंट फोडलं आणि मशीन भिंतीपासून पुढे ओढलं. मागचे चार बोल्ट काढून गोणपाटावर ठेवले, पत्रा उतरवला. पट्टा निघाला, चाक निघालं, स्प्रिंगा सोडवून पिंप बाहेर आलं. प्रमिला न सांगता पाना पुढे करत होती. लहानपणी दुकानात बसून ती हे शिकली होती. जुनी बेरिंगं ठोकून काढली तेव्हा त्यांतून गोळ्यांऐवजी तांबडा चिखल पडला.

"बघा बाई," मंजुळाबाई म्हणाली. "हे आमच्या नशिबी."

झुलालने बेरिंगं बसायच्या जागा साफ केल्या, नवी बेरिंगं लाकडाचा ठोकळा ठेवून जागेवर बसवली, सीलच्या ओठाला बोटाने ग्रीस लावलं. हे करताना तो सुंदर दिसायचा. त्याच्या हातात घाई नव्हती आणि एकही ठोका वाया जात नव्हता. पिंप पुन्हा आत टांगलं, स्प्रिंगा अडकवल्या, पट्टा चढवला. मग नासीरने सांगितल्याप्रमाणे पत्रा बाजूलाच ठेवून त्याने आत दोन चादरी टाकल्या, पाणी सोडलं आणि बटण दाबलं.

सीलमधून थेंब आला नाही. चादरी घुसळल्या गेल्या, पाणी निघून गेलं आणि मशीन पिळायला लागलं. झुलालने सवयीने दोन्ही हात मशीनवर दाबून धरले, प्रमिलाने कानाशी हात नेले, मंजुळाबाईने खुर्ची मागे घेतली.

मशीन ओरडलं नाही. पिंप आत स्प्रिंगांवर जरासं डोललं, वेग धरला आणि पंखा फिरावा तसं फिरत राहिलं. सिमेंट फोडलेलं, पाय मोकळे, तरी ते इंचभर सरकलं नाही. वर ठेवलेला पाना तिथल्या तिथे होता.

झुलालला आधी आनंद झाला. काय हात आहे आपला, असंच त्याच्या मनात आलं. मग त्याची नजर गोणपाटावर गेली. चार लांब बोल्ट तिथे पडले होते, आणि ते लावलेले नसताना मशीन गप्प होतं. त्याने स्प्रिंगांकडे पाहिलं. त्यांच्यावर कारखान्यातलं ग्रीस अजून तसंच होतं. चार वर्षांत त्यांना एक दिवस काम मिळालं नव्हतं. झुलाल मूर्ख नव्हता. तीस वर्षं यंत्रांत घालवलेल्या माणसाला एवढं पुरलं. चार वर्षांपूर्वी सिमेंट थापताना पोरीने पुढे केलेलं पुस्तकही त्याला आठवलं.

त्याने मान वर केली तर प्रमिला त्याच्याकडेच बघत होती. ती वाकली, चारही बोल्ट फडक्यात गुंडाळले आणि बापाच्या हत्यारांच्या पिशवीत तळाशी घातले. हे सगळं तिने सासूकडे पाठ करून केलं.

एवढ्यावर भागलं असतं. बेरिंगं बदलली, मशीन चाललं, विषय संपला असता. पण मंजुळाबाई पुढे आली आणि फिरणाऱ्या काचेकडे संशयाने बघत म्हणाली, "आता कसं गप्प चाललं? म्हणजे हे असं चालायचं असतं तर. मग चार वर्षं का बोंबलत होतं? पहिल्यापासून खोटंच दिलं होतं ना तुम्ही? का बसवताना तुमचंच काही चुकलं, मिस्तरी?"

तिने नेहमीसारखाच टोमणा मारला होता, पण तो नेमका जागेवर लागला. झुलालला बोलणं भाग होतं. मशीन खोटं म्हणावं तर आंदण खोटं ठरत होतं. बसवणं चुकलं म्हणावं तर तीस वर्षं पाण्यात जात होती. तिसरं माणूस त्या न्हाणीघरात एकच होतं.

"मशीन खोटं नाही, विहीणबाई. आणि बसवण्यातही काही चूक नाही." त्याचा आवाज दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना व्हायचा तसा भरदार झाला. "चालवणाराला अक्कल पाहिजे. ओल्या गोधड्या, सतरंज्या कोंबल्या की बेरिंग बसणारच. लोखंड झालं म्हणून काय झालं? पोरीला सांगा, झेपेल तेवढंच टाकत जा."

मशीन थांबलं.

"ऐकलंस का गं?" मंजुळाबाईचा चेहरा उजळला. "मी काय म्हणत होते? वस्तू चांगली, हिलाच वापरता येत नाही. आता तर तुझा बापच म्हणतोय."

प्रमिलाने मान खाली घालून दोन चादरी बाहेर काढल्या आणि ती वाळत घालायला अंगणात गेली. झुलालने पाठीचा पत्रा लावला. बोल्टांची चार भोकं उघडी राहिली, त्यावर त्याने रबराचे तुकडे कापून बसवले. काम नीटनेटकं झालं.

दुपारी सुकदेव जेवायला आला. मंजुळाबाईने त्याला ताट वाढतानाच सगळं सांगितलं, गोधड्यांसकट. त्याला ठाऊक होतं की बायको गोधड्या दगडावर धुते. अंघोळीला जाता-येता तो रोज बघत होता. त्याने वरणात भात कालवला आणि म्हणाला, "मामा, तुमचा हात म्हणजे हात आहे." मंजुळाबाई त्या दिवशी इतकी खूश होती की तिने झुलालला दोनदा आमरस वाढला आणि आपणहून म्हणाली, "न्या हो लेकीला. चांगली आठ दिवस न्या. धुण्याची आता काय काळजी नाही."

झुलाल जिंकला होता. ज्यासाठी आला ते त्याच्या पदरात पडलं होतं. जेवून हात धुतल्यावर तो अंगणात गेला. प्रमिला चादरींना चिमटे लावत होती.

"पिशवी भरी ले, प्रमिला. साडेतीननी गाडी शे."

"मी येस नई, आबा."

त्याला वाटलं, ती रुसली आहे. "काब्र? तुनी सासूनी हा म्हनी दिन्हं ना आते."

प्रमिलाने शेवटचा चिमटा लावला आणि ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"चार वरीस मी ह्या घरमा आयकी राहिनू, तुना बापनी भंगार दिन्हं. मी तोंड उघाडं नई. म्हनं, मनं बोलनं काय, बापनी इज्जत जावाले नको. आज तुमीच मले खोटी पाडं. मी कधी गोधडी टाकी त्यामा, आबा?"

"तोंडमातून निंघी गयं. व्हई गयं ते व्हई गयं."

"मंग मझार जावा. सांगी द्या का बोल्ट काढाना राहीग्यात, चूक मनी शे. तेवढंच सांगा. मी आत्तेच येस तुमनासंगे."

झुलाल उभा राहिला. दार पंधरा पावलांवर होतं आणि उघडं होतं. आत मंजुळाबाई अडकित्त्याने सुपारी कातरत होती. चार शब्द होते. मोठा गुन्हा नव्हता. मशीन आता चाललंही होतं, कुणी त्याला फासावर देणार नव्हतं. फार तर विहीणबाई महिनाभर हसली असती आणि मेहरूणच्या दोन-चार घरांत गोष्ट फिरली असती.

तो आत गेला. प्रमिला दाराबाहेर, भिंतीला लागून उभी राहिली.

"या, बसा," मंजुळाबाई म्हणाली. तिने त्याच्या हातावर सुपारी ठेवली. "सुकदेवच्या साहेबाकडेही असंच मशीन घेतलंय म्हणे. मी सांगितलं याला, साहेबाला म्हणावं, बसवायचं असेल तर आमच्या व्याह्यांना बोलवा. असा मिस्तरी जिल्ह्यात नाही."

झुलालने सुपारी तोंडात टाकली. त्याचं तोंड उघडलं होतं, ते सुपारीवर मिटलं. मग म्हणाला, "साहेबांना म्हणावं, केव्हाही निरोप द्या. आणि विहीणबाई, प्रमिला यंदा नाही म्हणते. घर सोडून येववत नाही तिला."

"गुणाची आहे," मंजुळाबाई म्हणाली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिने सुनेचं कौतुक केलं.

झुलाल पिशवी उचलून बाहेर आला तेव्हा भिंतीशी कुणी नव्हतं. मागच्या अंगणात दगडावर गोधडी आपटल्याचा आवाज येत होता. तो फाटकापाशी थांबला, हाक मारावी असं त्याला वाटलं. पण तो रस्त्याला लागला.

गाडीत उन्हाच्या झळा येत होत्या. एरंडोलपर्यंत तो मनातल्या मनात प्रमिलाशी भांडला. एवढं काय बोललो मी? बाप लेकीला बोलत नाही का? एरंडोल गेल्यावर भांडायचं बळ संपलं. तिचं हसणं त्याला आठवत होतं, सकाळचं, हात पुसतानाचं. ते आपण एका वाक्यात विकलं, हे त्याला कळत होतं. कळून उपयोग नव्हता, कारण हीच गाडी उलटी जळगावला वळली असती तरी तो त्या दारात जाऊन तेच बोलला असता, आणि हेही त्याला कळत होतं.

पारोळ्याला उतरला तेव्हा ऊन कललं होतं. त्याच्या दारासमोर गल्लीतल्या माहेरवाशिणी जमल्या होत्या. कुणाची लेक धुळ्याहून आली होती, कुणाची पाचोऱ्याहून. एक पोर झोक्यावर उभी राहून झोके घेत होती, बाकीच्या खाली गाणं म्हणत होत्या. यशोदाबाई उंबऱ्यावर भिंतीला धरून उभी होती. तिने नवऱ्याला येताना पाहिलं, त्याच्या मागे पाहिलं, आणि आणखी थोडं मागे, गल्लीच्या तोंडापर्यंत पाहिलं.

"प्रमिला कोठे शे?"

गाणं थांबलं. सगळ्या त्याच्याकडे बघायला लागल्या. झुलालने हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"मशीन चांगलं करी दिन्हं," तो म्हणाला. "तरी सासूनी धाडी नई."

यशोदाबाई मटकन उंबऱ्यावर बसली. तिने आधी डोळ्याला पदर लावला आणि मग मंजुळाबाईच्या नावाने बोटं मोडली. बायकांनी तिला धरलं. एकीने मंजुळाबाईला रांड म्हटलं, दुसरीने तिला सात जन्म सून मिळू नये म्हणून तळतळाट दिला. आखाजीला सासवांना शिव्या द्यायची पोरींना मोकळीक असते. त्यांनी झोका पुन्हा ढकलला आणि गाण्यात सासूच्या जागी मंजुळाबाईचं नाव घालून ते नव्या जोराने उचललं.

यशोदाबाई रडता रडता थांबली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "तुमी काहीच बोलना नईत का तिले?"

झुलालने तोंडातली सुपारी थुंकली. मग त्यानेही मंजुळाबाईला दोन शिव्या घातल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा.